राक्षसाला गाव पाहिजे

माझ्या लग्नाला मुरलीधर गायधनी, म्हणजे आमचे अण्णा, आले ते नवरदेवाकडे ढुंकूनही न बघता. हॉलची एक भिंत पावलांनी मोजली, मग दुसरी, आणि माझ्या सासऱ्यांसमोर थांबून म्हणाले, "चाळीस बाय अठ्ठावन्न. बाहेर पडायला एकच दार. इथे राक्षस उभा केला ना, अख्खं वऱ्हाड खलास."

सासऱ्यांनी मला बाजूला घेतलं. "हे तुमच्याकडचे का?"

"आमच्याकडचे," मी म्हणालो, आणि छाती काढून म्हणालो. पुढे एकदा असंच कुणीतरी विचारलं तेव्हा मात्र मी तसं म्हणालो नाही. मी फार बोलणारा माणूस नाही. हे इतकी वर्षं चारचौघांत कधी सांगितलेलं नाही. पण आधी अण्णा कळायला हवेत.

अण्णा अंबडच्या एका कारखान्यात तपासनीस होते. मशीनवरून उतरलेला भाग मोजायचा आणि पास नाहीतर रिजेक्ट म्हणायचं, हे त्यांचं काम. लग्न केलेलं नव्हतं. इंदिरानगरात आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एकटे राहायचे. मी त्यांच्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान, कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारा. नव्वदच्या दशकातली गोष्ट. फावल्या वेळात मला मराठीतून रोल-प्लेइंग गेम बनवायचं वेड लागलं होतं. म्हणजे खेळणाऱ्याने एका पात्राचं सोंग घ्यायचं, त्या सोंगात गावं हिंडायची, लोकांशी बोलायचं, लढायचं आणि हळूहळू तयार होत जायचं.

एकदा अण्णा आमच्याकडचा पेपर परत द्यायला आले आणि माझ्या मागे उभे राहून बघू लागले.

"हा भिंतीतून आरपार गेला."

"प्रोग्राममध्ये चूक आहे, अण्णा. काढतो."

"रिजेक्ट," अण्णा म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला, शिफ्टवरून आल्या आल्या, आलेख कागदाची वही घेऊन हजर. त्यानंतर बारा वर्षं त्यांची साडेसहाची वेळ चुकली नाही.

असा आमचा स्टुडिओ सुरू झाला. स्टुडिओ म्हणजे माझा हॉल. प्रोग्राम मी लिहायचो, चित्रं माझी बहीण शुभा काढायची आणि गेम कसा असावा हे अण्णा ठरवायचे. त्यांचा नियम एकच: आधी गच्चीवर, मग पडद्यावर. गच्चीत खडूने अख्खा भुयारी किल्ला आखायचा, शुभाने आणि मी त्यातून चालायचं, आणि सगळ्या राक्षसांचे आवाज अण्णांनी काढायचे. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी आईला एकदा फार काळजीने विचारलं होतं, "तुमच्या विलासचं बरं आहे ना हो आता?"

आमचा पहिला गेम 'काळखिंड'. तो खेळणं म्हणजे अण्णांच्या हाताखाली नोकरी करण्यासारखं होतं. खेळ मध्येच साठवून ठेवायची सोय नव्हती. मी खूप विनवण्या केल्या. अण्णा म्हणाले, "लेथवर भाग बिघडला तर मागे जायचं बटण असतं का? नाही ना? मग इथे कशाला?" बोळ तीन फुटी, तलवार साडेतीन फुटी, आडवी धरली की अडकणार म्हणजे अडकणार. सटाण्याहून एका गृहस्थांचा अहिराणीतून फोन आला, "भाऊ, मनी तलवार भितमा अडकी गयी शे! तीन दिवस व्हयनात!" अण्णांनी फोन माझ्या हातून घेतला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. अडकायलाच पाहिजे." आणि ठेवून दिला.

तरी 'काळखिंड' चालला. फ्लॉप्या हातोहात जायच्या. लोक शिव्या देत खेळायचे, पण खेळायचे.

दुसऱ्या गेमच्या वेळी अण्णा म्हणाले, "शुभाला आणि तुला आता माझे राक्षस पाठ झालेत. नवी माणसं पाहिजेत." आणि स्कूटरवर मागे बसवून मला दिंडोरीला त्यांच्या बहिणीकडे घेऊन गेले. बहिणीची द्राक्षबाग, छाटणीचे दिवस. बायका जेवायला बसल्या होत्या. अण्णांनी शेडमधल्या फरशीवर खडूने वेस आखली, वेशीत स्वतः राक्षस होऊन उभे राहिले आणि हातातली भाकरी संपवत असलेल्या चंद्राबाईंना पुढे बोलावलं. बाई पेठ तालुक्यातल्या, मुकादमीण, तोंडाने फटकळ.

"बाई, समोर राक्षस आहे. तलवार काढता का पळता?"

"आरं, आधी इचारू तर दे. कुठला हाय तू?"

अण्णा गडबडले. "मी... वेशीतला."

"वेशीत कोन ऱ्हातं? गाव कंचं?"

"गाव नाही."

"गाव नाय? मंग तुला हितं उभा कोनी केला? जेवाया कोन घालतं?"

शेडमधल्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. अण्णांनी वही उघडली. वहीत राक्षसाची उंची होती, वजन होतं, हाताची पोच इंचात होती. जेवणाचं काही नव्हतं.

"बघा बया," चंद्राबाई म्हणाल्या, "उपाशी लेकरू उभं केलंय, आन् मला म्हनतोय तलवार काढ."

परत आल्यावर अण्णांनी बिल्डिंगखाली स्कूटर लावली आणि म्हणाले, "सगळं रिजेक्ट. राक्षसाला गाव पाहिजे."

"अण्णा, चारशे राक्षस आहेत!"

"मग चारशे गावं."

दोन वर्षं लागली. 'सात वेशी'मध्ये तुम्ही कुठल्याही शत्रूला विचारू शकता, कुठला तू, घरी कोण, इथे का उभा आहेस? नीट विचारलंत, मागच्या गावात त्याच्या माणसांना भेटून आला असलात, तर तो बाजूला होतो. अशा प्रकारचा खेळ आम्ही तरी तोवर पाहिला नव्हता. चारशेच्या चारशे जणांचं घरचं अण्णांनी हाताने लिहिलं. मला आजही वाटतं, माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम ते. आणि त्यातला जीव माझा नव्हता.

'सात वेशी'चं नाव झालं. कॉम्प्युटरवरच्या एका मासिकातून एक तरुण पत्रकार आला. दुपारची वेळ, अण्णा कारखान्यात. त्याने खूप कौतुक केलं आणि विचारलं, "शत्रूला त्याचं गाव विचारायचं, ही कल्पना कुणाला सुचली?"

मी म्हणालो, "मला."

एवढंच. शुभा आत चहा करत होती, तिने ऐकलं नाही. माझा फोटो छापून आला. नंतर दुरुस्त करता आलं असतं. मी केलं नाही. उलट पुढे 'सात वेशी'ची सीडी काढली तेव्हा वेष्टनावर 'संकल्पना आणि रचना' याखाली माझं एकट्याचं नाव छापलं. अण्णा 'विशेष आभार'मध्ये होते, प्रिंटर दुरुस्त करणाऱ्याच्या खाली.

अण्णा काही बोलले नाहीत. साडेसहाला येत राहिले. मी मनाची समजूत घातली की त्यांनी पाहिलं नसेल. जो माणूस बोळातला अर्धा इंच सोडत नाही, त्याने वेष्टन पाहिलं नसेल!

तिसरा गेम 'पाहुणा' आला तोवर दोन हजार साल उलटून गेलं होतं. त्यात शत्रूच नाही. तुम्ही एका अनोळखी गावात उतरता आणि तिथे आपल्या हाताला काय काम आहे ते शोधता. खेळ साठवायची सोय अण्णांनी आपण होऊन घालायला लावली. "माणूस चुकतो रे," म्हणाले. नकाशात मी एक चौक गच्च भरला होता, तो त्यांनी रिकामा करायला लावला. "राहू दे मोकळा. कुणाला बसावंसं वाटेल." काळखिंडीपासून इथवर आलेला हा माणूस मी रोज हातभर अंतरावरून पाहिला. लोक मला विचारायचे, तुमची शैली इतकी कशी बदलत गेली? मी हसायचो. काय सांगणार?

अण्णा निवृत्त झाले त्या आठवड्यात मला राहवलं नाही. पहिल्यांदाच मी त्यांच्याकडे वर गेलो आणि सगळं सांगून टाकलं. मासिक, फोटो, वेष्टन.

ते पेन्सिलीला टोक करत होते. "माहीत आहे. अंक मी दोन घेतले होते. एक बहिणीला पाठवला."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत, अण्णा? चार शिव्या तरी द्यायच्या."

"दिल्या असत्या. तू काही उलटून बोलला नसतास. पण तू पडलास लाजाळू. शरमेने तोंड चुकवायला लागला असतास." पेन्सिलीचं टोक तुटलं, त्यांनी ती पुन्हा फिरवायला घेतली. "मग साडेसहाला मी कुठे गेलो असतो?"

मी म्हणालो, "आता सगळीकडे तुमचं नाव घालतो. सगळ्यांना सांगतो."

"घाल ना. सांग." पेन्सिल पुरती झिजली तरी त्यांनी मान वर केली नाही. "पण उद्या आहेस ना तू घरी?"