कमठाकाकूंच्या खुनाचा निकाल

एका जंगलात, बाळांनो, सगळेच प्राणी मोठे देवाधर्माचे होते. सशांना चतुर्थीचा उपास असायचा. माकडं एकादशीला केळी सोडून बाकी सगळं वर्ज्य करायची. वाघसुद्धा सोमवारी तोंडाला रक्त लावत नसे. मंगळवारी मात्र दोन्ही दिवसांचं मिळून जेवायचा. आणि नेम चारचौघांत सांगत सुटायचं नाही, सांगितला की फळ मिळत नाही, असं तिथली सगळी म्हातारी मंडळी सांगायची.

त्या जंगलात नदीकाठी कमठाकाकू राहायच्या. जातीनं कासवीण, स्वभावानं गरीब, आणि नेमधर्माची भारी हौस. एका पावसाळ्यात त्यांची सगळी अंडी पुरात वाहून गेली होती. पुढच्या खेपेला वाळूत अंडी घातल्यावर त्यांनी नदीतल्या साती आसरांना नवस बोलला.

"आयांनो, माझी पिल्लं सुखरूप बाहेर येऊ देत. तोवर मी तोंडातून शब्द काढणार नाही. पाठीखालून डोकं काढणार नाही, पाय काढणार नाही. जगाची उठाठेव करणार नाही."

यातलं शेवटचं काकूंना सगळ्यांत अवघड होतं.

आत जाण्याआधी त्यांनी शेजारच्या भुऱ्या कोल्ह्याला हाक मारली.

"भुऱ्या, मी आता मौनात बसते. कुणाला सांगू नकोस. अंड्यांकडे तेवढं लक्ष ठेव."

भुऱ्यानं मागं वळून पाहिलं. आपल्यामागं दुसरं कुणी उभं असेल असं त्याला वाटलं.

"मी? काकू, मी कोल्हा आहे."

"दिसतंय की मला."

"म्हणजे... अंडी म्हटलं की आमच्यात जरा..."

"ठाऊक आहे रे. म्हणून तर तुला सांगतेय. अंड्यावर कोल्ह्याइतकं लक्ष दुसऱ्या कुणाचं असतं?"

एवढं बोलून काकूंनी डोकं आत घेतलं, पाय आत घेतले, शेपटी आत घेतली आणि त्या धोंड्यासारख्या गप्प झाल्या.

भुऱ्याला गहिवरून आलं. जन्मात कुणी त्याच्या हाती साधं टरफल सोपवलं नव्हतं. तो अंड्यांपाशी बसून राहिला. वाऱ्यानं वाळू उडाली की पंजानं सारखी करायचा. घोरपड आली की दात दाखवायचा. तोंडाला पाणी सुटलं की अंड्यांकडे पाठ करून खेकडे शोधायचा.

आता झालं काय, एका सकाळी टिटवीवहिनी पाण्यावर आल्या.

"काय हो काकू, आज कालवण काय?"

काकू गप्प.

"काकू, कालवण विचारलं मी."

तरी गप्प. कालवणाचा विषय निघाला आणि काकू बोलल्या नाहीत, असं कधी घडलंच नव्हतं. टिटवीवहिनींनी वळून पाहिलं, तर पंजाला वाळू लागलेला भुऱ्या!

"मेल्या, मारलंस की रे काकूंना!" असं ओरडत टिटवीवहिनी साऱ्या जंगलावरून गेल्या.

फौजदार रानडुक्कर धावत आले. आल्या आल्या त्यांनी सगळी वाळू हुंगली, तुडवली, थोडी उकरलीसुद्धा. अंडी तेवढी थोडक्यात वाचली. मग ते गंभीरपणे म्हणाले, "इथं सगळे ठसे डुकराचेच आहेत. म्हणजे कोल्ह्यानं स्वतःचे ठसे पुसले. लबाड आहे."

मग त्यांनी काकूंच्या पाठीवर टकटक केलं.

"बाई, तुम्ही मेलात का?"

काकू गप्प.

"नाही म्हणत नाहीत," फौजदार म्हणाले. "लिहून घ्या."

लिहिता कुणालाच येत नव्हतं. पण सगळ्यांनी माना हलवल्या.

माकडांनी काकूंना उचलून नदीवरच्या कड्यावर नेलं. तिथं उंबराखाली न्यायाधीश गवा बसले होते. त्यांचा आवाज एवढा मोठा होता की ते नुसते खाकरले तरी निकाल लागल्यासारखं वाटायचं. भुऱ्याला वेलीनं बांधून समोर उभं केलं. काकूंना मध्ये ठेवलं आणि वर चार रानफुलं वाहिली.

काकूंना आतून सगळं ऐकू येत होतं. त्या मुळीच घाबरल्या नाहीत. 'एवढी शहाणी मंडळी जमली आहेत,' त्या मनात म्हणाल्या. 'सत्य म्हणजे साबुदाणा. भिजायला वेळ लागतो, पण फुलतो.'

पहिली साक्ष टिटवीवहिनींची झाली. वहिनी रोज पाय वर करून आभाळ पडू देत नाहीत. एवढं आभाळ सांभाळणारी बाई खोटं कशाला बोलेल?

"तुम्ही काय पाहिलंत?" न्यायाधीशांनी विचारलं.

"पाहिलं काहीच नाही. पण ऐकलं."

"काय ऐकलंत?"

"काहीच नाही! साधी किंकाळीसुद्धा नाही. इतक्या गुपचूप कोण मारणार? कोल्हाच!" आणि वहिनींनी हुंदका दिला. "किती गुणाच्या होत्या हो काकू! हाताला काय चव होती!"

आतल्या आत काकूंचे डोळे भरून आले. जिवंतपणी वहिनी त्यांच्या कालवणाला सपक म्हणायच्या.

फौजदार पुढे आले. "महाराज, मयताची अवस्था बघा. डोकं नाही. पाय नाहीत. शेपटी नाही. सगळं या कोल्ह्यानं खाल्लं."

"अहो, पण त्याचं पोट तर खपाटीला गेलंय," गर्दीतला एक म्हातारा ससा हळूच म्हणाला.

"एवढं खाऊन पोट दिसू देत नाही, हीच तर लबाडी!"

भुऱ्या काकुळतीला आला. "महाराज, काकू मेल्या नाहीत हो! त्यांनी मौन धरलंय. मला सांगू नकोस म्हणाल्या होत्या, पण आता सांगतो."

नेमाची गोष्ट निघाली की तिथं सगळेच जरा वचकून असायचे. न्यायाधीश उठले, काकूंपाशी वाकले आणि आदरानं म्हणाले,

"बाई, आपण मौन धरलंय काय?"

काकू काय बोलणार!

न्यायाधीश परत जागेवर बसले. "मौन असतं तर त्यांनी हो म्हटलं असतं."

"हे बरोबर," सगळे म्हणाले.

म्हातारा ससा पुन्हा पुढे आला. "महाराज, जरा आत डोकावून बघितलं तर?"

"बाईमाणसाच्या घरात? विचारल्याशिवाय?" फौजदार कडाडले. "परवानगी कोण देणार? त्या तर मेल्यात!"

ससा चूप बसला. आज त्याची चतुर्थी होती आणि वाद घालायला पोटात काही नव्हतं.

न्यायाधीश खाकरले. "शेवटचा पुरावा. मंडळी, तुम्ही लहानपणी आजीकडून गोष्टी ऐकल्या आहेत ना? गोष्टीत कोल्हा कसा असतो?"

"लबाड!" सगळं जंगल एका आवाजात ओरडलं. भुऱ्यासुद्धा सवयीनं ओरडला.

"आरोपीनं कबूल केलं," न्यायाधीश म्हणाले. "खून सिद्ध झाला."

त्या जंगलात शिक्षेची रीत ठरलेली होती. मयत खुन्याच्या गळ्यात बांधायचं आणि दोघांना मिळून कड्यावरून डोहात सोडायचं. एकाच खेपेत शिक्षाही उरकते आणि अंत्यविधीही. फार काटकसरी जंगल होतं ते!

माकडं वेल आणायला गेली, तेव्हा कुठं काकूंच्या काळजात धस्स झालं. साबुदाणा काही फुलत नव्हता. काय करावं? तोंड उघडावं तर नवस मोडतो. नवस मोडला आणि पिल्लांचं काही बरंवाईट झालं तर? आणि तोंड मिटून बसावं तर बिचारा भुऱ्या जातो. त्यांनी आसरांचा धावा केला. आसरा काही बोलल्या नाहीत. बहुधा त्यांचंही मौन असावं.

"शेवटचं काही सांगायचंय?" न्यायाधीशांनी भुऱ्याला विचारलं.

भुऱ्यानं नदीकडे मान वळवली. "ढकलायचं तर ढकला, महाराज. पण दुपारी वारा सुटतो. अंड्यांवरची वाळू उडते. कुणीतरी जाऊन सारखी करत जा. आणि घोरपडीकडे लक्ष ठेवा, ती डाव्या बाजूनं येते."

"बघा, बघा!" फौजदार म्हणाले. "मरायला टेकलाय, पण अंडी सुटत नाहीत!"

काकूंना राहवलं नाही. 'आयांनो,' त्या मनात म्हणाल्या, 'माझी पिल्लं आता तुमच्या ओटीत. मला माफ करा.' आणि त्यांनी डोकं बाहेर काढलं.

"अहो, थांबा! मी आहे ना!"

"काकू!" भुऱ्यानं उडी मारली आणि वेलीत अडकून पडला. टिटवीवहिनींनी पदर नसताना पदर तोंडाला लावला.

न्यायाधीशांनी डोळे बारीक केले. "तुम्ही कोण?"

"मी कमठा. माझाच खून झालाय म्हणे."

"म्हणजे खून झाल्याचं तुम्हालाही मान्य आहे."

"तसं नव्हे हो! मी जिवंत आहे. ही बघा मान, हे बघा पाय."

फौजदारांनी कपाळाला हात लावला आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "महाराज! खाल्लेलं डोकं परत आलं, म्हणजे कोल्ह्यानं भीतीनं ओकलं. आणि ओकलं, म्हणजे आधी खाल्लं होतंच!"

"वा!" न्यायाधीश म्हणाले. "आता तर तसूभरही शंका उरली नाही."

"अहो, पण मी बोलतेय की तुमच्याशी!"

न्यायाधीश जरा मऊ झाले. "बाई, तुमचं म्हणणं कळतंय मला. पण निकाल लागला आहे. सगळं जंगल सकाळपासून उन्हात उभं आहे. माकडांनी एवढी मजबूत वेल आणलीय. तुम्ही साक्षीच्या वेळी बोलायला हवं होतं. आता कोर्टाचा मान म्हणून तुम्ही जरा मराल का?"

काकूंना कुणाचं मन मोडायला आवडत नसे. त्यांनी क्षणभर विचारही केला.

"आज नाही हो जमायचं," त्या म्हणाल्या. "पिल्लं यायचीत."

"मग निदान आत तरी जा. उघड्या डोळ्यांचं मयत बरं दिसत नाही."

माकडांनी काकूंना भुऱ्याच्या गळ्यात बांधलं. जंगलानं हात जोडले. फौजदारांनी ढुशी दिली, आणि खुनी आणि मयत दोघंही कड्यावरून खाली डोहात!

पाणी गार होतं. भुऱ्या गटांगळ्या खाऊ लागला. काकूंनी मात्र चारी पाय बाहेर काढले. नवस मोडलाच होता, आता पाय कशाला आवरायचे? वेलीची गाठ त्यांनी दातानं कुरतडली आणि भुऱ्याच्या खाली शिरून त्याला पाठीवर घेतलं.

"घट्ट धर रे. आणि नखं नको रोवूस, गुदगुल्या होतात."

वर कड्यावर सगळे माना लांब करून बघत होते. कोल्हा बुडाला नाही. उलट मयताच्या पाठीवर बसून निवांत निघाला. म्हातारा ससा म्हणाला, "महाराज, त्या तर पोहताहेत. मेलेलं पोहतं का?"

न्यायाधीशांनी बराच वेळ पाहिलं. मग त्यांचा आवाज भरून आला. "धन्य त्या बाई! मेल्यावरसुद्धा खुन्याला स्वतः यमाकडे पोचवायला निघाल्या! न्याय झाला, मंडळी!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टिटवीवहिनी तर म्हणाल्या, की आपण काकूंच्या नावानं दर वर्षी एक उपास धरू. आणि जंगल समाधानानं आपापल्या घरी गेलं.

नदी वळली तिथं काकूंच्या अंड्यांची वाळू होती. भुऱ्या उडी मारून आधी अंड्यांकडे धावला आणि तसाच उभा राहिला. काकू मागोमाग वाळूवर चढल्या.

"काय झालं रे? बोल ना!"

"काकू," भुऱ्या हलक्या आवाजात म्हणाला, "वाळू हलतेय."

वाळूतून एक इवलंसं डोकं वर आलं. मग दुसरं. मग वाळूला जणू उकळीच फुटली. पिल्लं तुरुतुरु पाण्याकडे निघाली. एक आंधळेपणानं भुऱ्याच्या पंजावर चढलं, तर त्यानं श्वाससुद्धा रोखून धरला. काकू पाण्याकडे वळल्या आणि नुसत्या रडत राहिल्या. साती आसरांनी नवस कसा मोजला होता, ते त्यांनाच ठाऊक.

बऱ्याच वेळानं भुऱ्यानं विचारलं, "काकू, मी निर्दोष ठरलो का हो?"

"नाही रे बाळा," काकू म्हणाल्या. "पण ओला झालायस. आधी अंग झटक बघू."

तात्पर्य : निर्दोष असणं चांगलंच आहे, पण त्यावर फार विसंबू नये. शेजारणीला पोहता येतं का, ते आधी बघून ठेवावं.

आणि बाळांनो, तेवढं एक ऐका. तुम्हीही काकूंसारखा एखादा नेम जरूर धरा. मनोभावे पाळा. पण शेजाऱ्याच्या गळ्यात वेल पडताना दिसली, की काकूंसारखाच तो खुशाल मोडा. आसरा रागवत नाहीत. रागावल्याच, तर काकूंचं नाव सांगा.