शांताक्काचं ताट

क्रोशाचा रुमाल झाकलेलं स्टीलचं ताट घेऊन शांताक्का गल्लीतून निघाली की नवखा माणूस हात जोडतो. त्याला वाटतं, नैवेद्य चाललाय. शांताक्का त्याला हटकते, "पावणं, औषधं हाईत ही. हात खाली करा." ताटात असतात कुणाच्या तरी बीपीच्या गोळ्या, चूर्णाची पुडी, काढ्याची बाटली.

आमच्या गल्लीची एक खोड आहे. दुसऱ्या डॉक्टरकडं गेलेलं घरच्या डॉक्टरला सांगायचं नाही. का, तर त्यांना वाईट वाटेल. जीव गेला तरी चालेल, माणूस दुखावायला नको. शांताक्काला ही भीडच मान्य नाही. कुणी नवी गोळी सुरू केल्याचं कानावर आलं, की ही रिकामं ताट घेऊन दारात हजर. "समदी काढा भाईर. त्यांचं एकमेकांत पटतंय का न्हाय ते डॉक्टर बघतील." तुला काय कळतंय त्यातलं, असं कुणी म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "कळत न्हाय, म्हणून तर घिऊन जातीया."

माझ्या वडिलांशी, आबांशी, तिचं वाजलं ते यावरूनच. हृदयाच्या डॉक्टरांनी त्यांना रक्त पातळ करायची गोळी दिलेली. आबांनी गुपचूप मलकापूरला जाऊन गुडघेदुखीची दुसरी गोळी आणली. आम्हाला घरात पत्ता नाही. पण लंगडणारा माणूस एकदम तरातरा चालायला लागला, एवढ्यावरून शांताक्कानं ओळखलं.

"आबा, काय घेतासा?"

"काय न्हाय. तू तुझ्या घरला जा."

"जात न्हाय," म्हणाली आणि पायरीवर बसली. आबांनी तोंडासमोर पेपर धरला. पायरीवर ऊन आलं तरी बाई हलेना. आईनं चहा दिला, तो पिऊन परत बसली. शेवटी आईच बोलली, "हल्ली दात घासताना रक्त येतंय ह्यांच्या हिरड्यांतनं."

शांताक्काचा आवाज एकदम खाली आला. "आबा, डॉक्टर रुसला तर मी समजूत काढीन त्याची. तुम्हाला कुठनं आणू?"

आबा उठले आणि तांदळाच्या डब्यातनं गोळ्यांचं पाकीट काढून ताटात टाकलं.

ताट बघून डॉक्टर रुसले वगैरे काही नाहीत. दोन्ही गोळ्या मिळून पोटात रक्तस्राव झाला असता, म्हणाले. गुडघ्याची गोळी तिथंच बंद केली, आबांना रक्त तपासायला पाठवलं. आबा मात्र हरले म्हणून शांताक्काशी बोलेनात.

मग एका सकाळी शांताक्का घरातून बाहेर पडताना झोक जाऊन भिंतीला टेकली. नवरा गेल्यापासून ती एकटीच राहते, लेक पुण्याला. आबांनी ते बघितलं, आमच्या मांडणीवरचं ताट घेतलं आणि तिच्या पायरीवर जाऊन बसले. मी मागोमाग.

"काढ भाईर."

"मला काय झालंय? ठणठणीत हाय मी."

"बरं. बसतो मग."

आबा पायरीवरनं हलेनात. मग आत जाऊन तिनं दोन पाकिटं आणली. एक शिंकांची गोळी, एक झोपेची. दोन्ही गुंगी आणणाऱ्या, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

"गल्लीचं एवढं बघतीस, आणि स्वतःचं ताट का न्हेलं न्हाईस?" आबा चिडलेच.

तिनं क्रोशाचा रुमाल आणला, ताटावर नीट पसरला.

"ताट घिऊन दारात कुणीतरी यावं लागतंय, आबा."

आबांनी ताट उचललं आणि दुखऱ्या गुडघ्यानं पुढं निघाले. डोळे पुसत ती मागनं. वाटेत एका पावण्यानं हात जोडले. शांताक्कानं त्याला हटकलं नाही.