उजवी बाही, डावं चाक

“चार नट काढायचे, दोन चाकं पुसायची, परत बसवायची. त्यात काय एवढी ब्रह्मविद्या?” शिंपीबुवांनी पाना उचलला.

“आधी पोरीला विचारा,” बायको म्हणाली.

तिला विचारायचीच तर भीती होती! लेकीने वर्षभर राबून रोबो केला होता, दुसऱ्या दिवशी स्पर्धा होती, आणि बुवांनी न झाडलेले दोरे त्याच्या पुढच्या चाकांत जाऊन बसले होते. चाकंही साधी नव्हती. घेराभोवती छोटे छोटे तिरके रूळ होते, त्यांच्या जोरावर रोबो खेकड्यासारखा आडवासुद्धा चालायचा.

बुवांनी दोरे उपसले, चाकं बसवली आणि बटण दाबलं. पुढे? गेला! मागे? आला! बुवांची छाती फुगली. मग त्यांनी आडवं दाबलं, आणि रोबो जागच्या जागी असा गरागरा फिरला की कापडाचे तागे आडवे झाले आणि बुवा कटिंगच्या टेबलावर चढले! तिथूनच काठीने त्यांनी तो बंद केला. लेकीला सांगायची काही छाती झाली नाही.

सकाळी स्पर्धेच्या हॉलमध्ये ते लेकीच्या रोबोजवळ बसले होते. समोर दुसऱ्या कुणाचा तसल्याच चाकांचा रोबो होता. बघता बघता त्यांच्या डोक्यात उजेड पडला. डाव्या चाकाचे रूळ एकीकडे तिरके, उजव्याचे दुसरीकडे!

“अगं आई गं! उजवी बाही डावीकडे जोडली मी!”

लेक पाणी प्यायला गेली होती. बुवांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पुढच्या चाकांची झटपट अदलाबदल केली. जीव भांड्यात पडला.

पहिली फेरी सुरू झाली. लेकीने आडवं दाबलं. रोबो गरागरा! हॉल खो खो हसला, फेरी हातची गेली आणि लेक पांढरीफटक होऊन परत आली.

“बाबा, सकाळी पुढची चाकं उलटी होती. मी सरळ केली. मग परत उलटी कुणी केली?”

“मी फक्त सरळ करायला गेलो गं!”

“म्हणजे पहिल्यांदाही तुम्हीच?”

ती रडली नाही, ओरडलीही नाही. बुवांना त्याचीच जास्त धडकी भरली. आता दुसरी फेरी गेली की सगळं वर्ष पाण्यात! तिने बुवांना स्टुलावर बसवलं, चाकं काढून त्यांच्या हातांत दिली.

“हे डावं, हे उजवं. मागेन तेव्हाच द्यायचं. तोवर हलायचं नाही!” आणि ती रोबोखाली शिरली.

बुवा हलले नाहीत. श्वाससुद्धा बेताने घेत होते. तेवढ्यात कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर उतरला आणि खाज सुटली. अशी खाज त्यांना जन्मात सुटली नव्हती! शेवटी क्षणभर चाकं मांडीवर ठेवून त्यांनी नाक खाजवलं आणि चाकं पुन्हा उचलली.

“बाबा, डावं द्या! लवकर!” रोबोखालून हात बाहेर आला.

बुवांनी या हातातल्या चाकाकडे पाहिलं, त्या हातातल्या चाकाकडे पाहिलं.

“बाळा,” ते चाचरत म्हणाले, “तुझं डावं की माझं?”