आईचा मिस कॉल

लग्नाला तीन महिने झाले आणि शिवतेजनी मला त्यांच्या नंबरला जुळणारा नवा नंबर घेऊन दिला. (प्रेमाचा हा प्रकार आमच्याकडं अजून नवा आहे.) आता जुन्या सिमचं काय करायचं? टाकवेना. मी ते पर्सच्या चोरकप्प्यात ठेवलं. तिथंच राहिलं असतं तर बरं झालं असतं.

आमचं गाव इस्लामपूरजवळ. विहीर घरापासून दीड किलोमीटर, आणि सासऱ्यांचे, म्हणजे आबांचे, गुडघे दोन्ही दुखरे. सासरी मी फारसं बोलत नसे. ("सून मुकी हाय का वो?" असं शेजारच्या काकूंनी माझ्यासमोरच विचारून घेतलं होतं.) पण त्या दिवशी जेवताना बोलले.

"आबा, मोबाईल स्टार्टर बसवू या. घरातून मिस कॉल दिला की मोटर चालू. चालू झाली की तीच उलटा मिस कॉल देते. दोन दिले की बंद."

सगळ्यांचे घास हातात राहिले. स्टार्टरमुळं नव्हे, मी बोलले म्हणून.

जोतीराम वायरमन पेटी घेऊन आला. "वैनी, ठरावीक नंबरावरच चालंल असं सेटिंग करू का?"

"कशाला? घरातल्या कुणालाही लावता यावी."

"आन् सिम?"

मी ऐटीत चोरकप्पा उघडला.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी सव्वाला मोटर आपोआप चालू व्हायला लागली. आबांनी दोन मिनिटांत गुन्हेगार ठरवला. "ह्यो शेजारच्या रानातला बाळासोच. आपला ऊस कुजवायचा हाय त्याला."

चौथ्या दिवशी विहिरीशेजारी शिजवलेली हळद वाळत घातली होती. पाणी तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन ठेपलं. अख्खं घर घमेली घेऊन धावलं. मी कोपरापर्यंत पिवळी झाले. (अंगाला लागलेली ही तीन महिन्यांतली दुसरी हळद.)

"उद्या ह्ये डबडं काढायचं," आबा म्हणाले. "गुडघं गेलं तरी चालंल, मी चालत जाईन."

सासरी दिलेला माझा पहिला सल्ला, आणि तो भंगारात! "एक दिवस द्या," मी म्हटलं. "उद्या चोर पकडून देते. पेटीच्या स्क्रीनवर नंबर दिसतो."

दुसऱ्या दिवशी एक वाजताच आम्ही पेटीसमोर उभे. आबा काठी घेऊन. बाळासोही आले होते, निर्दोष सुटायला. सव्वा वाजला. खट्! मोटर घुमू लागली. स्क्रीनवर दहा आकडे उमटले.

"कुनाचा हाय?" बाळासोंनी मान पुढं काढली.

तो नंबर मला चौथीपासून पाठ होता.

"माझ्या आईचा."

आबांची काठी हळूहळू खाली आली. बाळासो म्हणाले, "म्हंजे विहीणबाई सांगलीत बसून तुमच्या उसाला पानी पाजत्यात व्हय?"

आमच्या माहेरची पद्धत अशी की जेवण झालं की आई एक रिंग देणार: बरी आहेस ना? मी एक रिंग परत देणार: बरी आहे. नवा नंबर मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. आईचा फोन बटणांचा, हे एवढं एकच लक्षात राहिलं नव्हतं. आणि नंबर बदलल्यापासून आईची रिंग आली नाही म्हणून मीच इकडं रुसून बसले होते.

आबा आधी खोकल्यासारखं हसले, मग खरंच हसले. "डबडं ऱ्हाऊ द्या. जोत्याला सांगून सेटिंग तेवढं करून घ्या. आन् आईला फोन लाव आधी. स्पीकरवर."

लावला.

"कोण?"

"आई, मी मयूरी. हा माझा नवा नंबर. जुन्यावर रिंग देऊ नकोस, तो शेतातल्या मोटरला दिलाय."

"म्हणजे... पाच दिवस मला उलटी रिंग कोण देत होतं?"

"मोटर."

पेटीभोवती सगळे कान देऊन उभे.

"तरीच!" आई म्हणाली. "मी यांना म्हटलंच होतं, सासरी जाऊन मयू सुधारली, आता लगेच उत्तर देते."