काळ्या बॉलला कोंबडा

माझी नात तेजस्वी हिचं लग्न झालं ते २०२३ साल. मांडवात माईक माझ्याच हातात होता, हे आमच्या वसईजवळच्या गिरीज गावात वेगळं सांगावं लागत नाही. मला अक्षरं पन्नाशीनंतर आली, पण कॉमेंट्री त्याच्या कितीतरी आधीपासून! क्रिकेटच्या मैदानावर मी बोलायला लागलो की वाडीत केळी उतरवणारा माणूस कोयता खाली ठेवून ऐकायचा.

त्याच वर्षी मे महिन्यात आमच्या मंडळाने हॉलमध्ये पूलचं, म्हणजे काठीने बॉल खिशात घालायच्या खेळाचं, टेबल आणलं आणि स्पर्धा ठेवली. मंडळाची सेक्रेटरी ज्युली घरी आली.

"बळीकाका, फायनलला तुम्ही बोला. पण जपून. नालासोपाऱ्याचा एक पोरगा स्वतःचे स्पीकर घेऊन यायला तयार आहे. फायनल नीट झाली तर क्रिकेटचा माईक तुमच्याकडे, नाहीतर त्याच्याकडे."

"बॉल तो बॉलच," मी म्हटलं.

"यात हळू आवाजात बोलायचं असतं."

"हळूच बोलायचं तर माईक कशाला लागतो गं?"

आतून माझी बायको शकू म्हणाली, "ज्युली, ह्यांना आधी खेळ तरी समजावून सांग."

मला राग आला. खेळ समजून घेऊन बोलणारे दुसरे. आम्ही रंग भरणारे.

फायनलला एकीकडे अल्पेश, दुसरीकडे रायन. अल्पेश तेजस्वीचा भाऊ, म्हणजे माझाच नातू. हॉल लहान, त्यामुळे अर्धा गाव बाहेर अंगणात. त्यांना टेबल दिसत नव्हतं, नुसता माझा आवाज. शेजारी नेहमीप्रमाणे फ्रान्सिस तुस्कानो, धावफलकाचे आकडे लावणारा.

अल्पेश काठी धरून वाकला. मी त्याचं घराणं सांगायला घेतलं. त्याच्या पणज्याने वाडीच्या पाण्यासाठी खणलेल्या बावखलापर्यंत पोचलो, तोच तो सरळ उभा राहिला.

"आजोबा, मी मारतोय."

"तेच सांगतोय लोकांना."

तो परत वाकला. सकाळी चहा पिताना त्याने मला आपला डाव सांगितला होता. असा सुंदर डाव लोकांपासून लपवायचा? मी सांगून टाकला. "अल्पेश आता रायनला डावीकडच्या कोपऱ्यात अडकवणार आहे!"

रायन हसून म्हणाला, "थँक यू काका."

मग रायन विचार करायला लागला. एवढ्या वेळात माणूस वसईला जाऊन बाजार करून येईल. हॉलमध्ये चिडीचूप. क्रिकेटमध्ये माईक गप्प झाला की लोक वडापाव खायला उठतात, म्हणून मी रिकामी जागा भरली. फाटकात आडवी स्कूटर कोणाची, ते विचारलं. ती ज्युलीची निघाली. मग आमच्याकडची रीत. सिक्सला, विकेटला प्रेक्षक बक्षीस लावतात आणि कॉमेंटेटर ते जाहीर करतो. मी म्हटलं, "आहे का कोणी दाता?"

खिडकीतून मर्लिनबाईंनी विचारलं, "सगळ्यात मानाचा बॉल कुठला?"

मी टेबलाकडे पाहिलं. रंगीत बॉलांची गर्दी, काळा एकटाच. एकटा म्हणजे कप्तान.

"काळा बॉल खिशात घालणाऱ्याला मर्लिनबाईंकडून एक गावठी कोंबडा!"

टाळ्या पडल्या. पाठोपाठ केळीचा लोंगर आला, नारळाची रोपं आली. फ्रान्सिस माझी बाही ओढत होता. मी म्हटलं, "तू आकडे बघ."

अल्पेशचे दोनच बॉल उरले होते आणि काळा अगदी खिशाच्या तोंडाशी. हा शहाणा श्वास रोखून भलतीकडेच नेम धरत होता. तोंडाशी आलेला कोंबडा सोडतो म्हणजे काय? मी जीव तोडून ओरडलो, "काळ्याकडे बघ, काळ्याकडे!" त्याची काठी घसरली. पांढरा बॉल घाबरल्यासारखा धावला आणि काळा टुपकन आत.

"जिंकला अल्पेश!"

अंगणात बँड वाजला, फटाके उडाले. आत अल्पेश टेबलाला टेकून खाली बसला.

ज्युली म्हणाली, "काका, काळा शेवटी घालायचा असतो. आधी गेला की तो माणूस हरला."

मी लगेच चूक सुधारली. "रायन जिंकला." बाहेरच्यांना वाटलं, दुसराही सामना आटपला. रायनचीही मिरवणूक निघाली. दोन्ही मिरवणुका चर्चच्या वळणावर समोरासमोर आल्या. बँड एकच, त्याला दोन्हीकडून ओढत होते. अल्पेशच्या मिरवणुकीत अल्पेश नव्हताच, म्हणून त्याच्या आईने हार माझ्या गळ्यात घातला. मी हार घालून हॉलमध्ये परत आलो, तर ज्युलीने माईक फ्रान्सिसच्या हातात दिलेला. मुलींची फायनल बाकी होती, संजना विरुद्ध प्रिन्सी.

फ्रान्सिस म्हणाला, "संजना."

मग बराच वेळ काही नाही. बॉलवर बॉल आपटल्याचा टक असा आवाज अंगणापर्यंत गेला.

"छान."

परत शांतता. सगळ्यात शेवटी, "प्रिन्सी जिंकली."

लोक खूश. म्हणे, काय बोलतो हा माणूस!

"बोलला कुठे?" मी विचारलं.

नालासोपाऱ्याच्या पोराला येऊ नको म्हणून कळवलं. क्रिकेटचा माईकही फ्रान्सिसला. हा "सिक्स" एवढंच म्हणायचा आणि मैदान दुमदुमायचं. मी शेजारी बसून दोन हंगाम आकडे लावले. शेवटी न राहवून विचारलं, "फ्रान्सिस, हे शिकलास कुठे रे?"

"तुझ्या शेजारी. तू मला कधी तोंड उघडू दिलंस? सवय झाली."

आता माईक परत माझ्याकडे आहे. फ्रान्सिस तुस्कानो २०२५च्या ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आदल्या आठवड्यात, दुपारी जेवून झोपला तो उठला नाही.