झुंबररावांच्या झोपेकारणे हेडफोनांची मोहीम जाहली तिची हकीकत

टोकरखाडा, शहर सिल्वासा, येथील समस्त चाळकरी मंडळींनी वारंवार पुसिले की, झुंबररावांचे घरी आवाजाचा एवढा दंगा जाहला, आमलीचे बाजारावर दोन स्वाऱ्या जाहल्या, आणि अखेर जे जाहले ते जाहले, याचे खरे वर्तमान काय. कोणी एक सांगतो, कोणी दुसरे सांगतो, आणि जिन्यात उभे राहोन तिसरेच सांगणारेही थोडे नाहीत. सबब पुढील पिढ्यांचा गैरसमज न व्हावा आणि मोहिमेत ज्यांनी आपले कान खर्ची घातले त्यांचे नाव बुडू नये, म्हणोन ही हकीकत कोणाची भीड न धरिता, कोणास विनाकारण मोठे न करिता लिहिली आहे. झुंबरराव आपोआपच मोठे आहेत, त्यास इलाज नाही.

राजेश्री झुंबरराव, मूळ मुलूख खानदेश, तालुका शहादा, हे सिल्वाशाचे एका सूत-कारखान्यात मशीनवर ऑपरेटर असत. तुटला धागा जोडणे ही त्यांची मनसब आणि कायमची रातपाळी ही त्यांची जहागीर. रात्री धागा राखावा आणि दिवसा झोप राखावी, ऐसा क्रम नेमिला होता. पैकी धागा राखिला जाई, परंतु झोपेचा मुलूख गनिमांनी चहूकडोन वेढिला होता, आणि गनीम म्हणावे तर घरचेच. खोली एकच, आणि तीतच ओटा, मोरी, पलंग आणि समस्त कुटुंबाचा संसार. पहिली फौज कुटुंब बायडाबाई यांची. भाकरी थापता थापता मोबाईलवर मालिका पाहावी, आणि मालिका सरली म्हणजे शहाद्यास धाकटी बहीण गुड्डीबाई हिजशी फोनवर जाबसाल करावे, हा त्यांचा दुपारचा रिवाज; आणि शहाद्याचे अंतर मोबाईलने कमी केले आहे हे त्यांस कधीच मान्य न जाहल्याने, त्या थेट शहाद्यास पोहोचेल ऐशा आवाजात बोलत. दुसरी फौज कन्या सोनी हिची. ही नर्सिंगचे प्रवेश-परीक्षेस बैसणार होती, आणि मोबाईलवर कोणी सर हाडांची नावे मोठ्याने सांगत, ती नावे ही मोठ्याने परत सांगे. दोन्ही फौजांचे मध्ये झुंबरराव चादर डोकीवर घेऊन पडोन असत.

ऐशात पाळीवर असता झुंबररावांचा उभ्या उभ्या डोळा लागला, आणि खात्याचे सुपरवायझर नवनाथराव, ज्यांस डोळा लागलेला माणूस बरोबर सापडतो आणि बंद पडलेला पंखा कधी सापडत नाही, यांनी जागेवर येऊन हुकूम केला की, हे ठीक नाही. ऐसेच चालले तर मशीन काढोन घेऊ आणि खोके भरावयास पाठवू. खोके भरणे म्हणजे ठेकेदाराची रोजंदारी, आणि रोजंदारीत सोनीचे नर्सिंग बसत नाही, हे झुंबररावांस कोणी सांगावयास नको होते. घरी येऊन ते जेवले नाहीत. पोरीचे शिक्षण आपल्या पापण्यांवर टांगले आहे, याची त्यांस मनापासोन भीती वाटली.

कोणी म्हणेल, कानांत बोळे का न घातले. तर घातले. कारखान्याचे पिवळे बोळे आणोन घातले. परंतु ते कानी गेले की झुंबररावांस आपण पाळीवर आहो ऐसे वाटे, आणि ते तुटला धागा शोधीत दचकोन उठत. मग मसलत बैसली, आणि ठरले की गनिमांचीच तोंडे बांधावी, म्हणजे उभयतांस हेडफोन घ्यावे. खजिन्यात या कामी हजार रुपये निघाले. बायडाबाईंनी अट घातली की, वस्तू ऐसी पाहिजे की पिठाचे हात न लावता फोन घेता यावा, आणि बिनतारेचे बारीक मणी नकोत, ते परातीत पडतील. सोनीने अट घातली की, सरांचा शब्द साफ यावा आणि तासन् तास घालोन कान दुखू नये. झुंबररावांनी अट घातली की, मला काही ऐकू येऊ नये.

मग सोनीने वस्तूंची पारख करणारे पंडित मोबाईलवर गाठिले. दरेक पंडित आधी सांगे की हजाराचे आत चांगली वस्तू मिळत नाही, आणि मग हजाराचे आतील चांगल्या वस्तू घंटाभर दाखवी. ही सर्व पडताळणी दिवसा, झुंबररावांचे उशाशी, मोबाईलचा आवाज मोकळा सोडोन जाहली, कारण हेडफोन अद्याप घरात आले नव्हते.

सुट्टीचा दिवस पाहोन खासे झुंबरराव, कुटुंब आणि कन्या यांसहित शटल रिक्षाने कूच करिते जाहले आणि आमलीस मोबाईलचे सामानाचे दुकानी दाखल जाहले. तेथील धनी ललितभाई. यांची रीत ऐसी की, गिऱ्हाईक कोणी असो, भजन ऐकणारे असो की बातम्या ऐकणारे असो, त्याचे डोकीवर हेडफोन चढवावा आणि ढोल-ताशांचे एकच गाणे सोडावे. ते म्हणाले, "बेन, एक नंबर पीस छे. बेस तो जुओ," म्हणजे ढोलाचा दणका तर पाहा. सोनीने ते गाणे बंद करोन आपले सरांचा धडा लाविला, आणि म्हणाली, "पप्पा, यात सर विहिरीतून शिकवताहेत." मग तिने ढोल सोडोन शब्द साफ देणारे, तारेचे, हलके आणि कोणाचीही नजर न जाईल ऐसे स्वस्त हेडफोन उचलिले, आणि तिचे काम तेथेच फत्ते जाहले.

राहिल्या बायडाबाई. यांचेविषयी झुंबररावांनी मसलत आपले हाती घेतली, आणि जी चूक कारखान्याचाच माणूस करील ती केली. त्यांचे खात्यात भिंतीवर कान झाकावयाचे मोठे डबडे टांगलेले असते, ते घातले म्हणजे मशीनचा आवाज आत येत नाही. त्यावरोन त्यांनी अनुमान बांधिले की, आवाज आत येत नाही तर बाहेरही जात नसावा, आणि झाकण जितके जाड तितका बंदोबस्त पक्का. सबब उरला सर्व खजिना ओतोन बायडाबाईंकारणे मोठ्या वाट्यांचे, जाड गादीचे, मान वाकेल ऐसे हेडफोन घेतले. सोनी काही सांगू पाहात होती, परंतु विजयी सेनापतीस मधेच कोणी अडवीत नाही. परतताना झुंबररावांनी रिक्षात दोघींस उसाचा रसही पाजिला.

दुसरे दिवशी रणांगण सजले. सोनी तार लावोन हाडे मनातच घोकू लागली, बायडाबाईंनी वाट्या कानी चढविल्या, मालिका सुरू जाहली, आणि खोलीत भाकरीचे थापेखेरीज काही ऐकू येईना. झुंबररावांनी चादरीआड हात जोडिले आणि त्यांचा डोळा लागतो न लागतो तोच गुड्डीबाईंचा फोन आला. वाट्यांनी कान ऐसे बंद केले होते की बायडाबाईंस आपला स्वतःचा आवाज ऐकू येईना, आणि ज्यास आपला आवाज ऐकू येत नाही तो आणखी मोठ्याने बोलतो, हे अवघ्या कारखान्यास ठाऊक होते, परंतु झुंबररावांस वेळेवर आठवले नाही. "गुड्डी, तुले ऐकू येस का वं?" हा पहिला तोफगोळा सुटताच झुंबरराव पलंगावर बैसते जाहले. गुड्डीबाईंनी तिकडोन कळविले की, ऐकू येते, शेजारच्यांसही येते. शेजारपाजारची मंडळी कोण गेले ते पुसावयास दारी आली, आणि बायडाबाई कोणी गेले नाही हे त्यांस त्याच आवाजात समजावू लागल्या.

त्या रात्री नवनाथरावांस झुंबरराव पुन्हा सापडले. पॅनेलवर कपाळ टेकोन, हाती धाग्याचे टोक धरोन निजले होते. हुकूम जाहला की, ही अखेरची माफी. आता एकदा दिसलास की सकाळीच खोक्यांकडे जाणे. झुंबररावांनी मान डोलाविली. घरी येऊन त्यांनी बायडाबाईंस सर्व सांगितले, आणि सांगताना पोरीकडे पाहिले नाही.

मग नवरा आणि कन्या यांस मागे घेऊन बायडाबाईंनी स्वतः दुसऱ्या स्वारीचे नेतृत्व घेतले. ललितभाईंनी वाट्या पाहताच सांगितले की, विकला माल माघारा घेण्याचा या दुकानी रिवाज नाही, पाटीही आहे. बायडाबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी वाट्या कानी चढविल्या, शहाद्यास फोन लाविला, आणि दुकानाचे मध्यभागी उभे राहोन, हा माणूस चीज बदलोन देत नाही, हे वर्तमान बहिणीस सविस्तर सांगितले. एक गिऱ्हाईक चार्जर ठेवोन निघोन गेले, दुसरे पायरीवरूनच वळले, आणि ललितभाईंनी पाटी आपले हाताने उलटी केली. "बेन, जे जोईये ते ले लो, पण फोन मूको," म्हणजे फोन तेवढा खाली ठेवा, ऐसी विनंती जाहली. तेव्हां सोनीने पुढे होऊन बापास समजाविले की, आईस झाकण नको, उघडे पाहिजे, जे कानात नुसते टेकते, कान बंद करीत नाही, आणि ज्याचे बोलावयाचे बटण तोंडापाशी लोंबते. ऐसे साधे तारेचे इयरफोन निघाले. ते एकाच कानी घालावे आणि दुसरा कान घराकडे ठेवावा, ऐसी तजवीज ठरली. किमतीतील फरकाचे ऐवजी ललितभाईंनी मोबाईलचे कव्हर दिले आणि वर पाणी पाजिले.

आता ऐका फत्तेचे वर्तमान. दुसरे दिवशी झुंबरराव पाळीवरोन येऊन निजावयास पडले. सोनी आपले तारेत सरांसह गुंतली, मालिका एका कानात सरली, आणि गुड्डीबाईंचा फोन आला तो बायडाबाईंनी ऐसा घेतला की ओठ हलतात इतकेच दिसावे. खोली शांत जाहली. ऐसी शांतता झुंबररावांचे संसारात कधी नांदली नव्हती. ते डोळे मिटोन पडले, आणि त्यांस ऐकू आले, "हां." मग बराच वेळ काही नाही. मग, "नाही वं." मग कुजबुज. मग, "त्यास्नी नको सांगू."

झुंबररावांचा डोळा उघडला.

आजवर ऐसे होते की, बायडाबाई मोठ्याने बोलत तेव्हां सर्व मजकूर घरात उघडा पडलेला असे. त्यात चोरण्याजोगे काही नसे, म्हणोन झुंबररावांस ऐकावयाचे काही कारणही नसे. वैताग येई, शिव्या येत, आणि त्यातच थोडीबहुत डुलकीही लागे. आता प्रत्येक शब्दास कान लागले. कोणास नको सांगू. काय नको सांगू. त्यांनी कूस बदलिली, चादर कानावरोन सरकविली, पाणी प्यावयाचे निमित्ताने उठोन ओट्यापाशी जाऊन आले, आणि बायडाबाई अधिकच हळू जाहल्या, कारण त्यांस वाटले की आपलेच आवाजाने हे उठले. सोनीचे लग्न, शेताची वाटणी, की आपलीच काही खोट, ऐसे नाना तर्क चालिले. घराने आपणांस वगळोन काही ठरविले आहे, ऐसे वाटोन त्यांस एकाएकी फार एकटे वाटले. पाळीची वेळ जवळ येत होती आणि झोप नव्हती. अखेरची माफी आधीच वापरोन जाहली होती.

मग ते उठोन बैसले आणि म्हणाले, "काय बोलत व्हती तू एवढं हळू?"

बायडाबाईंनी पिठाचा हात पदरास पुसिला. "तुमचंच. मशीन जाईल म्हणून तुम्हाले झोप नाही, ते बोलत व्हती. तुमच्या आईले नको सांगू म्हटलं, ती तिकडे जीव टाकीन." परात बाजूस सारोन त्या म्हणाल्या, "माले भेव वाटस, तर कोणाजवळ बोलू? तुम्ही झोपेल राहतस."

जिचा आवाज बंद करावयास आपण दोन स्वाऱ्या केल्या, तिने भीती सुद्धा आपणांस जाग येऊ नये म्हणोन कुजबुजत सांगितली, हे झुंबररावांस कळोन चुकले. मग त्यांनी हुकूम केला, आणि तो हुकूम करिताना त्यांचा आवाज सेनापतीस शोभेल ऐसा राहिला नव्हता. "ते काढ कानातलं. मोठ्यानं बोल. पहिल्यासारखं."

तेव्हां बायडाबाईंनी तार काढोन ठेविली, फोन मोकळा सोडिला, आणि बहिणींचे जाबसाल ऐसे सुरू जाहले की जिन्यातील मंडळींसही हायसे वाटले. शेळी व्याली, पिले दोन, एक काळे; गुड्डीबाईंचे धाकट्या दिराने मोटरसायकल घेतली ती कोणास विचारोन घेतली; मिरचीचे भाव; गुड्डीबाईंचे सासूचा गुडघा. झुंबररावांनी एकेक वर्तमान ऐकिले, ओळखिले, यात आपणांस करावयाचे काही नाही याची खातरजमा केली, आणि दिराचे मोटरसायकलीपाशी त्यांचा श्वास लांब जाहला.

सबब ठेविले जाते दप्तरी की, टोकरखाड्याची मोहीम पुरी फत्ते जाहली. आवाज नामे गनीम, जो मोठ्या शर्थीने हद्दपार केला होता, तो तितक्याच शर्थीने इज्जतीने माघारा आणोन आपले जागी कायम केला. सोनीस तिचे हेडफोन लाभले आणि हाडे पाठ होऊ लागली. नवनाथरावांस त्या रात्री आणि पुढेही झुंबरराव मशीनपाशी टक्क जागे आढळले, याचे त्यांस थोडे वाईटही वाटले. आणि या नोंदीवर शिक्का म्हणोन झुंबररावांचे घोरणे पुरेसे मानावे. राहिली एक बाब, तीही लिहिली पाहिजे. शहाद्याकडे गुड्डीबाईंस शेतावर जाणे होते, म्हणोन सासूचे गुडघ्याचे वर्तमान सरताच त्यांनी फोन बंद केला होता. सोनीने मोबाईल विझलेला पाहोन आईस खुणाविले. बायडाबाईंनी एकवार निजल्या नवऱ्याकडे पाहिले, बंद फोन हाती तसाच धरिला, आणि स्वतःच पुसत, स्वतःच हुंकार देत, शेळीचे वर्तमान पहिल्यापासोन मोठ्याने सांगू लागल्या.