आदी मी बसतो

माझ्या लग्नातल्या पलंगावर पहिली झोप किसनमामा सुतारांनी काढली. भर दुपारी, चांगले दोन तास, घोरत. मी आपला दारात उभा. उठले, पाठ चोळली आणि म्हणाले, "घ्या गुरुजी. बेस झालाय."

गंगाखेडात मामांचा हा दस्तूर सगळ्यांना ठाऊक. बैलगाडी असो, झोपाळा असो, "आदी मी बसतो, मंग तुमी." शेजारच्या देशमुखांच्या नातवाच्या पाळण्यातसुद्धा हा मिशाळ गडी गुडघे हनुवटीला लावून बसला. बाया तोंडात पदर कोंबून हसल्या. मामांना काय त्याचं! "हासा की. लेकरू पडल्यावर कोन हासंल?"

त्यांचा मुलगा दत्ता बंगळूरला विमानाच्या कारखान्यात सुतारकाम करायचा. त्याची पत्रं मीच वाचून दाखवी. एकदा त्यानं लिहिलं: नवं लढाऊ विमान करायचंय, त्याचे पंख मागे वळवलेले. ते हवेत तोलतात का हे बघायला आधी लाकडाचं विमान केलंय, बिनइंजिनाचं. पुढल्या आठवड्यात दुसरं विमान ते दोरानं वर ओढून नेणार आणि सोडून देणार. पायलटच्या मागे, काट्यांवरचे आकडे टिपायला, मी बसणार.

मामांचा रंधा थांबला. "सोडून देनार? मंग धरनार कोन?"

"हवा धरते, मामा."

"हवा काय आपली चाकर हाय व्हय, गुरुजी?"

दुसऱ्या दिवशी मामा पटका बांधून स्टेशनात हजर. "सायबाला सांगतो, आदी मी बसतो." मी लाख समजावलं. ऐकतात कसले!

दहा दिवसांनी परतले. मी मुद्दाम चिडवलं, "काय मामा, बसलात का विमानात?"

"गेटाच्या आत बी घेतलं न्हाई. कुंपनाभाईर उबा ऱ्हायलो. लय वर नेलं. दोर सुटला. आवाज न्हाई, काई न्हाई, नुसतं तरंगायलंय. उतरंपर्यंत माझे गुडघे वाकले न्हाईत."

"नीट उतरलं ना पण?"

"बेस उतरलं. दत्त्या हासत भाईर आला." मामांनी पटक्याच्या टोकानं डोळे पुसले. मला चिडवल्याची लाज वाटली.

"पर गुरुजी," ते म्हणाले, "उभ्या जिंदगीत पयल्यांदा माझ्या आदी कुनीतरी बसलं. अन् ते माझंच लेकरू."